तिसऱ्या मजल्यावरचे नळ

शलाका,

तुझ्या अंत्यविधीला मला बसायला जागा मिळाली नाही.

इथे इंग्लंडात दहनासाठी क्रेमेटोरियममध्येही अर्ध्या तासाचा स्लॉट असतो. मी हॅरोहून वेळेवर निघालो होतो, पण मोटरवेवर अडकलो आणि पोचेपर्यंत सगळे बाक भरले होते. बाकांवर तुझी माणसं. तुझ्या दुसऱ्या मजल्यावर महिन्याच्या बोलीनं डेस्क घेऊन बसणारी, सगळ्या स्लाऊमधून गोळा झालेली. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. शेजारी एक दाढीवाला होता, कुत्र्यांच्या वाढदिवसाचे केक ऑनलाइन विकणारा. त्याचे डोळे सुजले होते. हळूच वाकून तो मला म्हणाला, "शी वॉज माय बेस्ट फ्रेंड, मेट. डिड यू नो हर?"

मी म्हणालो, "अ बिट."

तेरा वर्षं, शलाका. नऊ वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर आणि चार वर्षं तू तुझ्या खालच्या मजल्यावर, मी वरच्या रिकाम्या मजल्यांच्या मागे. त्याचं मी 'अ बिट' करून टाकलं, कारण त्या क्षणी मला रडू येत नव्हतं, राग येत होता. हा केकवाला तुला ओळखून ओळखून किती ओळखत असेल? तू चिडलीस की तुला शिंका येतात, हे त्याला माहीत आहे का? वरणात तू गूळ घालत नाहीस आणि त्यावरून माझ्या बायकोशी वर्षभर वाद घातलास, हे माहीत आहे? माहीत असेलही. तू त्याला सांगितलं असशील, या विचारानं तर मला जास्तच त्रास झाला. मेलेल्या माणसाच्या मित्रांवर जळणारा माणूस काय लायकीचा असतो, ते मी त्या भिंतीपाशी उभा राहून शिकलो.

शनिवारी तुझ्या मजल्यावर सगळे जमणार आहेत. श्रीरंगचा फोन आला होता. "सुहास, तू बोल. दोनच मिनिटं. आणि लाइट ठेव जरा, प्लीज. मीरा समोर असणार." तुझ्या नवऱ्यानं सांगितलं, त्यातून तुझ्या लेकीचं नाव घेतलं, आणि मी हो म्हणालो. म्हणून लिहायला बसलोय. पण दोन मिनिटांचं हलकंफुलकं काही सुचत नाहीये, कारण मला तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सगळ्यांसमोर सांगायची की नाही याचा निर्णय होत नाहीये. ती ओघात येईलच.

आपलं ब्रॅम्बल हाऊस. नावात काटेरी झुडूप आणि आवारात औषधाला पान नाही. तपकिरी काचांची सात मजली बिल्डिंग, स्टेशनपासून आठ मिनिटं. जाहिरातीत आपण पाच लिहायचो. मालक लंडनमध्ये, आणि त्याच्या वतीनं मजले भाड्यानं द्यायचे, बिल्डिंग धडधाकट ठेवायची, हे आपल्या फर्मचं काम. तळमजल्यावर रिसेप्शनच्या मागे आपली खोली. व्ह्यूइंग असलं, म्हणजे कुणी मजला बघायला येणार असलं, की मी आधी वर जाऊन सगळे दिवे लावायचो, ब्लाइंड्स एका उंचीवर आणायचो, आणि पाहुणे आले की सीलिंग किती उंच आणि फ्लोअरखालून केबल कशा जातात ते सांगायला लागायचो. तू मागे रेंगाळायचीस. मग एखाद्या कंटाळलेल्या बाईला विचारायचीस, "दुपारी चार वाजता दमलात की तुम्ही कुठे जाऊन उभ्या राहता?" ती बाई विचार करत खिडकीशी जायची, आणि मजला तिथेच भाड्यानं गेलेला असायचा. कागदावर सही माझी, कारण मी सीनियर. अभिनंदनाचे मेलही मलाच यायचे. पण मजला कुणी दिला ते मला ठाऊक असायचं, आणि तुलाही. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, हे मला आणखी लागायचं.

आपली खरी भांडणं व्हायची ती गुरुवारी. रिकाम्या मजल्यावर पाणी पाइपात साचून राहिलं तर त्यात जंतू होतात, म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक नळ सोडायचा, प्रत्येक फ्लश ओढायचा आणि वहीत सही करायची, असा इथला नियम. लेडीजमध्ये तू, जेन्ट्समध्ये मी, आणि मधल्या पॅसेजमधून ओरडून वाद. नळ सुरू असल्यामुळे ओरडावंच लागायचं. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर पोलीस बोलावले असते.

"सुहास, लोकांना जागा नकोय रे आता! त्यांना सोबत हवीय! सोबत काय कुणी दहा वर्षांच्या लीजवर घेतं?"

"मग कंपनी म्हणजे काय धर्मशाळा? सकाळी आले, संध्याकाळी गेले?"

"तू आणि मी या देशात कशावर आलो होतो? मी तर डिपेंडंट व्हिसावर! दर वेळी धाकधूक, ठेवतात की काढतात. तरी झालंच ना आपलं घर?"

"म्हणूनच!" मी ओरडायचो. "म्हणूनच माणसाला काहीतरी पक्कं हवं असतं!"

मी हे मनापासून म्हणायचो. सुरुवातीची वर्षं माझा व्हिसा एका कंपनीच्या मर्जीवर होता. दहा वर्षांच्या लीजवर कुणी सही केली की मला, त्या कागदाशी काही संबंध नसताना, रात्री शांत झोप लागायची. तुला हे कळत होतं. तू हसायचीस, पण त्याची टिंगल कधी केली नाहीस.

बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती. नागपूरला जायचा प्रश्नच नव्हता. आमचा हॅरोचा दोन बेडरूमचा फ्लॅट, दोन्ही खोल्यांत मुलांची ऑनलाइन शाळा, आणि भिंती अशा की शेजारची केटल ऐकू यावी. मी तुला फोन केला तो फक्त नळांना येत नाही हे सांगायला. तू म्हणालीस, "बिल्डिंगला ये." आणखी काही नाही. मी गेलो. पाचवा मजला तेव्हा आधीच रिकामा झाला होता, कार्पेटवर नुसत्या टेबलांच्या खुणा. त्या एवढ्या मोकळ्या मजल्याच्या मधोमध तू एक टेबल, एक खुर्ची मांडली होतीस आणि लॅपटॉप चार्जरला लावून ठेवला होतास. भावानं घाटावरून फोन धरला होता. मी मोठ्यानं रडलो. घरी, मुलांसमोर, मला तसं रडताच आलं नसतं. तू दाराशी पाठ करून उभी होतीस, दीड तास. शेवटी थर्मासमधला चहा दिलास आणि म्हणालीस, "चल, नळ राहिलेत."

मी त्या दिवसाचे आभार कधी मानले नाहीत. आता मानतोय. शलाका, त्या दिवशी तू नसतीस तर माझे बाबा माझ्यासाठी आजही नीट गेले नसते.

मग लोक घरी बसले ते बसलेच. आपल्या सगळ्यात मोठ्या भाडेकरूनं, ज्याच्याकडे दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत मजले होते, अतिशय सभ्य भाषेत लिहिलेलं पत्र पाठवलं आणि एकेक मजला परत केला. मी म्हणालो, येतील परत, कुठे जातात. तू राजीनामा दिलास. दुसरा मजला मालकाकडून चालवायला घेतलास, एकेक डेस्क महिन्याच्या बोलीनं द्यायला, आणि मला म्हणालीस, "पार्टनर हो." आपण त्याच मजल्यावर उभे होतो. तुझा चेहरा असा उजळलेला की मला बघवेना. "त्या दिवशी तुला दीड तासापुरता मजला लागला होता, सुहास. दहा वर्षांचा नाही. मला तेव्हाच सुचलं हे."

आणि मी म्हणालो, "म्हणजे माझ्या बापाच्या मरणावर तू दुकान काढणार?"

तुला लागोपाठ तीन शिंका आल्या. तू लेडीजमध्ये गेलीस आणि नळ सोडलेस, गुरुवार नसताना.

त्या वाक्याची माफी मी मागितली नाही. मागितली असती तर तुझी कल्पना चांगली आहे हेही कबूल करावं लागलं असतं. बायकोला मी सांगून ठेवलं होतं की सहा महिन्यांत शलाका परत येईल आणि मी फर्ममध्ये तिच्यासाठी शब्द टाकीन. तो शब्द कसा टाकायचा याची वाक्यंही मी तयार केली होती. मोठ्या मनाची, जरा वडीलकीची वाक्यं होती.

तू आली नाहीस. लिफ्टमध्ये शिरणारा जो तो दुसऱ्याचं बटण दाबायला लागला. जिन्यात पोह्यांचा वास यायचा. आपण नऊ वर्षं साडेबाराला डबा उघडायचो, तू आणि मी, रिसेप्शनच्या मागे, दार लावून, कारण लसणाच्या वासाची तक्रार आली होती. तू तोच डबा शुक्रवारी लांब टेबलावर मांडलास आणि सगळ्यांना बसवलंस. श्रवणयंत्रं दुरुस्त करणारी जोआन थालीपीठ खायला लागली. बायकोच्या कटकटीला कंटाळून तुझ्याकडे डेस्क घेतलेले सरदारजी अकाउंटंट लोणच्याची बरणी ठेवून जायला लागले. वरच्या चार रिकाम्या मजल्यांचे दिवे लावून मी एकटा खाली उतरायचो तेव्हा तुमचं हसणं जिन्यात ऐकू यायचं. तुझा धंदा चालला याचं मला वाईट वाटलं, हे खरं आहे. पण माझा डबा तू सार्वजनिक केलास, याचं जास्त वाटलं.

आणि मग दुनियेनं माझी खास थट्टा केली. दुसऱ्यांना ऑफिसं भाड्यानं देणाऱ्या आमच्या फर्मनं ठरवलं की स्वतःला ऑफिसची गरज नाही. तळमजल्यावरची खोली गेली. मी हॅरोला बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, आणि आठवड्यातून दोन दिवस 'जवळच्या एखाद्या फ्लेक्सिबल वर्कस्पेसमध्ये' असं एचआरचं पत्र आलं. जवळचं म्हणजे तुझंच. मी तुझ्या दारात गळ्यात कार्ड अडकवून उभा राहिलो. तू खिडकीजवळचं टेबल दाखवलंस. मी म्हणालो, प्रिंटरजवळचं बरं, कामाला सोपं पडतं. महिन्याला दोन-चार कागद छापणारा मी. त्या प्रिंटरच्या घरघरीत अडीच वर्षं बसलो आणि खिडकीकडे बघत राहिलो.

तरी गुरुवारी मी नळांसाठी वर निघालो की तू तुझी सगळी माणसं सोडून माझ्याबरोबर यायचीस. तुला गरज नव्हती. "पाय मोकळे होतात रे," म्हणायचीस. लेडीजमधले नळ तूच सोडायचीस. वहीत सही मात्र मी करायचो.

आता ती गोष्ट.

गेल्या वर्षी तुझा मजला भरला. लोक वाट बघत होते, तुला तिसरा हवा होता. मालकाचा माणूस जेराल्ड, तो लंडनमध्ये बसतो आणि माझ्या शिफारशीशिवाय कशावरही सही करत नाही. मी दीड पान लिहिलं. इतकं विचारपूर्वक मी वर्षानुवर्षांत काही लिहिलं नव्हतं. एक विमा कंपनी तिसऱ्यासाठी उत्सुक आहे, असं लिहिलं. उत्सुक म्हणजे त्यांची दोन माणसं एकदा येऊन मजला बघून गेली होती आणि एकानं टॉयलेट वापरलं होतं. शेवटी एक वाक्य लिहिलं. ते वाक्य मला अतिशय व्यावसायिक वाटलं होतं. 'हा सगळा कारभार एका व्यक्तीच्या स्वभावावर उभा आहे. ती व्यक्ती नसेल त्या दिवशी तो उभा राहणार नाही.'

जेराल्डचा नकार आला. मी तो तुला फॉरवर्ड केला, वर एक ओळ लिहून: 'सॉरी गं, खूप प्रयत्न केला.' तुझं उत्तर आलं, 'कळलं. थँक्स.' त्या शुक्रवारी तू मला साबुदाणा खिचडी वाढलीस, दाण्याचं कूट जास्त घातलेली, नागपूरवाल्यांसाठी म्हणून.

पुढच्या गुरुवारी नळ सोडता सोडता तू ओरडलीस, "तिसऱ्याचं काय?"

"त्या विमावाल्यांचं चाललंय अजून!" मी जेन्ट्समधून ओरडलो.

मग दर गुरुवारी तेच. तिसऱ्याचं काय? कधी हसून, कधी सहज, कधी माझ्याकडे नीट बघत. मी म्हणायचो, चाललंय, बघू, मार्केट स्लो आहे. मला वाटायचं तू जखमेवर मीठ चोळतेस. वरचे मजले माझ्याच्यानं भरत नाहीत हे ऐकवतेस. काही दिवसांनी त्याच विमा कंपनीनं तुझ्याकडे तीन डेस्क घेतले. तेही तूच सांगितलंस, "तुझे विमावाले आले. चांगली मुलं आहेत." मी त्या दिवशी चहा न घेता घरी गेलो.

तू गेलीस त्यानंतरच्या आठवड्यात श्रीरंगनं मला घरी बोलावलं. दुसऱ्या मजल्याच्या कराराचे कागद होते. "मी फार्मासिस्ट माणूस, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू बघ." तुझी फाइल तुझ्यासारखीच, रंगीत टॅब लावलेली. 'तिसरा' असा एक टॅब होता. त्यात माझा मेल छापून ठेवलेला. वर माझी ओळ, सॉरी गं. त्याखाली जेराल्डचा नकार. आणि त्याखाली, शलाका, त्याच्याखाली माझं अख्खं दीड पान. जेराल्डनं माझ्या मेललाच उत्तर दिलं होतं आणि मी ते सगळं शेपूट तसंच तुला पाठवलं होतं. दिवसभर मेल इकडचे तिकडे करणारा माणूस मी. खाली काय लोंबतंय ते बघितलं नाही. शेवटच्या वाक्याखाली तुझी पेन्सिलीची एक रेघ होती. बाजूला काही लिहिलेलं नव्हतं.

श्रीरंग चहा टाकत होता. मी कागद त्याच्यासमोर धरला.

"हो, तो," तो म्हणाला. "त्याच दिवशी दाखवला होता तिनं मला."

"मग बोलली का नाही?"

"मी पण म्हटलं तिला, जाब विचार. तर म्हणाली, नको, तो सांगेल आपणहून. मी दर गुरुवारी विचारते त्याला." त्यानं साखर विचारली. मी नको म्हणालो. "वाट बघत होती रे ती. शेवटपर्यंत म्हणायची, या गुरुवारी सांगेल बघ."

मी तुझ्या किचनमध्ये बसून तो चहा पूर्ण प्यायलो, कारण उठता येईना.

हे तू बरं केलं नाहीस, शलाका. मी आता चिडूनच बोलतोय, आणि तुला ऐकावं लागेल. आपण पॅसेजमधून ओरडून भांडणारी माणसं. तू तो कागद घेऊन प्रिंटरपाशी यायला हवं होतंस, सगळ्यांसमोर माझ्या अंगावर फेकायला हवा होतास. केकवाल्यानं मान वर करून बघितलं असतं, मला दरदरून घाम फुटला असता, आणि मी त्या दिवशी बोललो असतो. बापाबद्दलच्या त्या वाक्याची माफीही त्याच झटक्यात मागून टाकली असती. तू मला वर्षभर दर शुक्रवारी जेवू घातलंस, माझ्याबरोबर नळ सोडलेस आणि मला संधी देत राहिलीस. एवढा मोठेपणा समोरच्याला झेपतो की नाही याचा तू विचार केला नाहीस. वाट बघणंसुद्धा तुला माझ्यापेक्षा चांगलं जमलं. म्हणजे तिथेही मी दुसराच.

आणि ते वाक्य. ती व्यक्ती नसेल त्या दिवशी. तू मंगळवारी गेलीस. बुधवारी सकाळी आठला जोआननं दार उघडलं. सरदारजींनी केटल लावली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मी, माझा यायचा दिवस नसताना, प्रिंटरपाशी जाऊन बसलो आणि बघत राहिलो, एकेक जण येत होता, डोळे पुसत होता आणि आपापल्या डेस्कवर बसत होता. शुक्रवारी टेबलही मांडलं गेलं. थालीपीठं कडक झाली होती, पण सगळ्यांनी खाल्ली. मी नऊ वर्षं पक्कं पक्कं म्हणून ओरडत होतो ते हेच असावं, आणि ते महिन्याच्या बोलीवर उभं होतं. मी सपशेल चुकलो होतो. तू असतीस तर हे वाक्य माझ्या तोंडून काढायला तुला आणखी नऊ वर्षं लागली असती.

गेल्या आठवड्यात जेराल्डचा मेल आला. आता त्या बाई नाहीत, तर दुसरा मजला आपणच परत घेऊन चालवावा का, तुमची शिफारस कळवा. मी अर्धं पान लिहिलं. मजला एक दिवसही बंद राहिला नाही, तो तिच्या माणसांकडेच राहावा, आणि तिसराही त्यांनाच द्यावा. गेल्या वर्षीची माझी शिफारस मार्केट बघून केलेली नव्हती, हेव्यानं केलेली होती. जेराल्डचा लगेच फोन आला. "सुहास, हे शेवटचं असं लेखी द्यायची खरंच गरज नाही." त्याच्या आवाजात घाबरल्यासारखं काहीतरी होतं. मी म्हणालो, राहू दे. तो म्हणाला, बघतो, वर बोलावं लागेल. अजून उत्तर नाही. माझ्या नोकरीबद्दलही काही बोलला नाही, आणि मी विचारलं नाही.

शनिवारचं ठरत नव्हतं. एक पळवाट मी शोधून ठेवली होती. हे सगळं मराठीत वाचायचं. श्रीरंगला सगळं माहीतच आहे. बाकीच्यांना शब्द कळणार नाही. ते माझ्या गहिवरलेल्या आवाजाकडे बघून माना हलवतील, नंतर येऊन खांदा थोपटतील, ब्यूटिफुल म्हणतील. कबुलीही दिल्यासारखी आणि अब्रूही राखल्यासारखी. मला ही कल्पना दोन दिवस फार आवडली होती.

काल हे इथपर्यंत लिहिलेलं मी मीराला वाचायला दिलं. तिला मराठी वाचता येतं ते तुझ्या रविवारच्या हट्टामुळे. सोळा वर्षांची पोर, तुमच्या किचनच्या टेबलावर, ओळीखाली बोट ठेवून वाचत होती. तासभर लागला तिला. मी समोर बसून होतो, उठून जायची हिंमत नव्हती. मध्ये एकदा हसली, वरणातल्या गुळाला. मग हसली नाही.

वाचून झाल्यावर म्हणाली, "काका, हे सगळी खरं आहे?"

"हो."

"ममा दर थर्सडे तुला विचारायचा, आणि तू सांगितला नाही?"

"नाही सांगितलं."

तिनं पानं नीट जुळवली. नाक अगदी तुझ्यासारखं आक्रसलेलं. मग म्हणाली, "मग सॅटर्डेला इंग्लिशमध्ये सांग. दे वेटेड फॉर दॅट फ्लोअर टू." आणि कागद माझ्या हातात देऊन वर तिच्या खोलीत गेली. बाय म्हणाली नाही.

तर मी इंग्रजीत सांगणार आहे. दोन मिनिटांत बसणार नाही आणि हलकंही होणार नाही. श्रीरंगला तसं कळवलंय. जोआनकडे, सरदारजींकडे, त्या केकवाल्याकडे बघून सांगणार आहे की तुम्ही वर्षभर ज्या मजल्याची वाट बघत होता तो मी अडवला, आणि माझी मैत्रीण मला दर शुक्रवारी जेवायला वाढत राहिली. ते मला माफ करतील की उठून जातील, ठाऊक नाही. त्यांनी माफ केलं तर त्याचाही मला राग येईल, कारण ते तुझ्याकडून शिकलेले असतील.

पण तुला खरं सांगू? मला त्यांची माफी नको आहे. तुझीसुद्धा नको. मनात आलेलं हे इतकं स्वच्छ, इतकं खरं लिहिणारा हा सुधारलेला माणूसही मला नको आहे. तू जिवंत असतीस तर मी यातलं एक अक्षर कबूल केलं नसतं. तू खाली भरल्या मजल्यावर हसत बसली असतीस आणि मी वर रिकाम्यात चडफडत, तुझ्यावर जळत, म्हातारा झालो असतो. मला ते हवं होतं, शलाका. मला फक्त तेवढंच हवं होतं.